डीएपीचं पोतं, कांगोचं कोबाल्ट आणि बिडकीनचं पाणी

सेलूचा_खतवाला

रामराम मंडळी. सेलू तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. रब्बी तोंडावर आली, लोक हरभऱ्यासाठी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) मागायलेत आणि माझ्याकडं नाही. खरिपातही हीच गत होती. गिऱ्हाईक म्हणतं, "मालक, मागं गोदामात दाबून ठेवलं असंल." गोदामाचं शटर वर करून दाखवलं तरी विश्वास बसत नाही. त्यात कंपनीचा माणूस म्हणतो की डीएपी पाहिजे तर सोबत नॅनो खताच्या एवढ्या बाटल्या आणि सूक्ष्म अन्नद्रव्याचे एवढे डबे उचला. ह्या लिंकिंगला कायद्यात जागा नाही, पण दर हंगामात चालतं. त्या बाटल्या मी कुणाच्या गळ्यात घालू?

पोरानं नेटवर वाचून मला सांगितलं ते असं. जगातला फॉस्फेटचा साधारण ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडं. पोटॅश कॅनडा, रशिया, बेलारूसकडं, आणि आपण पोटॅश जवळपास सगळंच बाहेरून आणतो. चीन पूर्वी भरपूर डीएपी द्यायचा, त्यानं २०२१ पासून निर्यात आवळली. वर लाल समुद्रात गोळीबार सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. म्हणजे आमच्या शिवारात हरभऱ्याला काय टाकायचं हे बीजिंगात ठरतं.

दुसरीकडं पेपरात रोज मथळा: अमुक कंपनी मराठवाड्यात तमुक हजार कोटी गुंतवणार. मग माझा प्रश्न असा की ह्या ओढाताणीत जोर कुणाचा? ज्याच्या जमिनीखाली माल आहे त्याचा, ज्याच्याकडं कारखाना आहे त्याचा, का ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचा? आणि आपल्याकडं यातलं काय आहे? पक्षांची धुणी धुवायची असतील तर कृपया वेगळा धागा काढा.

उन्हाळी_भुईमूग

आपल्याकडं ऊन आहे. त्याच्यावर अजून कुणी निर्यातबंदी घातली नाही.

भट्टीवाला_जालना

जोर कारखान्याचा, पण कारखान्याला खायला लागतं. आमच्या जालन्यात खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही, तरी सळई अख्ख्या राज्यात जाते. कशावर? भंगारावर आणि स्पंजवर, म्हणजे खनिजापासून केलेल्या कच्च्या लोखंडावर. सकाळी आल्याबरोबर आमचा खरेदीवाला तुर्कस्तानचा भाव बघतो, कारण जगात सगळ्यात जास्त भंगार तेच विकत घेतात. तिकडं भाव चढला की न्हावाशेवाला कंटेनर महागलाच.

आता युरोपनं २०२४ ला नवीन कायदा केला. २०२७ पासून श्रीमंत देशांच्या गटाबाहेर कचरा-भंगार पाठवायचं असेल तर घेणाऱ्या देशानं आधी सिद्ध करायचं की आम्ही ते नीट हाताळतो. तुर्कस्तान त्या गटात आहे, आपण नाही. कागदावर हे पर्यावरणासाठी आहे. पण भंगार वितळवून केलेल्या पोलादाला धूर कमी होतो म्हटल्यावर त्यांचं भंगार त्यांनाच पाहिजे झालंय, हे भट्टीवरच्या पोऱ्यालाही कळतं. काल ज्याला कचरा म्हणत होते त्यालाच आज संपत्ती म्हणायलेत.

नकाशावेडा

मूळ प्रश्नाला इतिहासातून उत्तर देतो, जरा लांबेल.

छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याचं लोहखनिज. १९६० साली जपानशी करार झाला आणि त्या मालासाठी डोंगर फोडून कोत्तवलसा ते किरंदुल रेल्वे बांधली. विशाखापट्टणमहून माल जपानला. जपानकडे ना लोखंड, ना तेल, आणि तरी गाड्या तो विकतो. आता त्याच जपानची टोयोटा संभाजीनगरजवळ बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत येते म्हणून आपण हार घेऊन उभे. (हार घालू नये असं माझं म्हणणं नाही.)

दुसरी गोष्ट खताचीच, खतवाले भाऊंसाठी. दक्षिण अमेरिकेत अटाकामाच्या वाळवंटात सोरा होता. शेतीला खत म्हणून चाले आणि दारूगोळ्यालाही. त्याच्यासाठी १८७९ ला चिली, पेरू आणि बोलिव्हिया लढले. चिली जिंकला आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा कायमचा गेला. चिलीनं निर्यातकरावर पुढची काही दशकं चैन केली. मग जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची युक्ती निघाली, १९१३ ला कारखाना सुरू झाला, आणि वीसेक वर्षांत चिलीचा सोरा कुणी विचारेना. वाळवंटात अजून ओसाड गावं उभी आहेत.

तेव्हा जमिनीखालच्या मालाचा जोर पर्याय निघेपर्यंतच. सोऱ्याला पर्याय निघाला, आणि आज युरिया होतो तो नैसर्गिक गॅसपासून. फॉस्फेटला मात्र पर्याय नाही, पिकाला ते लागतंच. मोरोक्कोवाले त्यामुळेच निवांत.

प्रवासी_देवगिरी

वा नकाशावेडा! शाळेत असा इतिहास शिकवला असता तर मी मुंबईची गाडी धरून बँकेत चिकटलो नसतो.

लुबुंबाशी_रिटर्न

मी मूळचा हिंगोलीचा. कांगोत एका व्यापाऱ्याकडे हिशेबाला होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

झांबियाच्या सीमेवर कासुंबलेसा नावाचं नाकं आहे. तिथे मालगाड्यांची, म्हणजे ट्रकांची, रांग काही किलोमीटर. ट्रकवर तांब्याचे पत्रे, प्रत्येक गठ्ठा पट्टीनं आवळलेला, वर ताडपत्री नाही, उन्हात चमकायचे. ड्रायव्हर खाली चूल मांडून मक्याच्या पिठाचा गोळा रांधायचे. माल चाललाय दार-ए-सलाम किंवा डर्बनला, तिथून बहुतेक चीनला. बॅटरीत लागणारं कोबाल्ट, जगातलं साधारण ७० टक्के, ह्या देशातून निघतं आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी वीज नसायची. जनरेटरचं डिझेल मोजून भरायचो.

२००८ ला त्यांनी चीनशी करार केला: खाण तुम्ही घ्या, बदल्यात ३ अब्ज डॉलरचे रस्ते-दवाखाने बांधून द्या. पुढे त्यांच्याच तपासणी खात्यानं आरडाओरड केली की खाणीतून गेलं किती आणि रस्त्यांत आलं किती. २०२४ ला पुन्हा बसले आणि आकडा ७ अब्जांवर नेला. कोबाल्टचा भाव पडला तसं फेब्रुवारी २०२५ ला निर्यातच थांबवली, ऑक्टोबरपासून कोटा लावला. म्हणजे गरीब देशालाही खुर्ची ओढून घेता येते. फक्त त्या पैशाचं पुढे काय होतं ते मला विचारू नका.

तूरडाळ_लातूर

सगळे चीन-चीन करतायत म्हणून मुद्दाम लिहिते. आमची डाळमिल आहे. २०१५ ला तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली तेव्हा आपल्या सरकारनं २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला, की तुम्ही पिकवा, आम्ही घेतो. तिकडचे छोटे कास्तकार आपल्या भरवशावर तूर पेरायला लागले. त्याच वर्षी इकडे पाऊस चांगला झाला, तूर अफाट पिकली. हमीभाव ५०५० होता आणि लातूरच्या मोंढ्यात त्याच्या खाली भाव. खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर, बैलगाड्या रात्र-रात्र उभ्या होत्या. एक काका चाळणी लावलेला माल परत घेऊन गेले, म्हणे बारदाना संपला. ते तूर परत पोत्यात भरताना मी पाहिलेत, एक शब्द बोलले नाहीत. मग ऑगस्ट २०१७ ला आपण तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. करारातला कोटा तेवढा शाबूत राहिला, पण बाजारच बसल्यावर तिकडच्या शेतकऱ्याच्या तुरीला कोण विचारतो?

त्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्यासाठी बीजिंग म्हणजे दिल्ली. आणि इथल्या शेतकऱ्यालाही विचारा, आयात खुली झाली की तो कुणाला शिव्या घालतो.

सेलूचा_खतवाला

ताई, हे पटलं. आमच्याकडंही त्या साली तूर घरात पडून होती. आयात बंद केली तर मोझांबिकवाला मरतो, चालू ठेवली तर आमचा. मिलवाल्याचं मात्र दोन्हीकडून चालतं, हलकेच घ्या.

तूरडाळ_लातूर

हलकेच घेतलं. पण मिलचं वीजबिल पाठवू का?

वाळूज_शिफ्ट_बी

कारखान्यात आहे म्हणून कारखान्याची बाजू. जुलै २०२४ ला टोयोटानं राज्याशी करार केला, आकडा साधारण २० हजार कोटी. एथरची स्कूटर पण बिडकीनलाच. पण सामंजस्य करार म्हणजे साखरपुडा. लग्न लागेस्तोवर मांडववाल्याला उचल देऊ नये. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी येणार असतं.

बरं, कारखाना आला तरी त्याची नाडी कुणाच्या हातात? एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मीळ मृदा धातूंवर परवान्याची अट घातली. मोटारीत जे जोरदार मॅग्नेट लागतं ते अडकलं. आमच्या लाइनवरचे साहेब लोक रोज स्टोअरमध्ये येऊन किती दिवसांचा माल शिल्लक आहे विचारायचे. हा धातू आपल्याकडे समुद्राच्या वाळूत आहे, केरळात, ओडिशात. पण वाळूपासून मॅग्नेटपर्यंत ज्या पायऱ्या आहेत त्या बहुतेक चीनकडे. म्हणून माझं उत्तर: जोर ना खाणवाल्याचा ना पैसेवाल्याचा. मधली घाणेरडी पायरी जो सांभाळतो त्याचा. ॲसिड, धूर, गाळ. ती कुणालाच नको होती, चीननं घेतली.

चाकणकर_पण_परभणीचा

ह्या धाग्यावर गुंतवणुकीकडे जरा जास्तच संशयानं बघतायत लोक. माझ्या गावातली निम्मी पोरं चाकण-रांजणगावला आहेत, एका खोलीत पाच-सहा जण. बिडकीनला काम मिळालं तर शनिवारी घरी जेवायला जाता येईल. इंडोनेशियाकडे बघा. २०२० ला निकेलची कच्ची निर्यात बंद केली, म्हणाले कारखाना इथे टाका. युरोपनं जागतिक व्यापार संघटनेत खेचलं, २०२२ ला निकाल विरुद्ध गेला, तरी हटले नाहीत. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल तिथून निघतं आणि शुद्धही तिथेच होतं. धमक पाहिजे!

वाळूज_शिफ्ट_बी

@चाकणकर, धमक होती, मान्य. पण ते कारखाने बहुतेक चिनी मालकीचे, वर वर्षानुवर्षं करमाफी, आणि वीज कोळशाची. डिसेंबर २०२३ ला मोरोवालीत भट्टीचा स्फोट होऊन २१ कामगार गेले. आणि निम्मं निकेल तुमच्याकडे असेल तरच बंदी घालून भागतं. आपण काय बंद करणार, सोयाबीन? ब्राझील टाळ्या वाजवेल.

भट्टीवाला_जालना

भट्टीच्या स्फोटाचं नाव काढू नका हो. आमच्याकडंही भंगारात बंद डबा आला की काय होतं ते आम्ही बघितलंय.

गोदाकाठ_पैठण

आता माझ्या मुद्द्यावर या. आपल्याकडे काय आहे विचारलं ना? जमीन आहे, पोरं आहेत, आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, आहे. बाकी कुणी मोजत नाही म्हणून मीच मोजतो. जायकवाडीचा जिवंत साठा साधारण ७६ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यावर शेती, संभाजीनगर, जालना, वाळूज-शेंद्रा आणि आता बिडकीन. वर नाशिक-नगरची धरणं. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असा हिशेब ठरलेला. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तर लगेच कोर्टकचेरी आणि रास्ता रोको. तेही एकाच राज्यात, एकाच नदीवर! आपण कांगोला हसतो.

२०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि इकडे बीअरच्या कारखान्यांना नळ सुरू. शेवटी खंडपीठाला सांगावं लागलं की दारू कंपन्यांचं पाणी ५० टक्के आणि मग ६० टक्के कापा. हे ठरवायला न्यायाधीश का लागले? कारण कंपनी आणताना जमीन एकरी किती, वीज युनिटला किती, करात किती सूट, हे सगळं बोलतात. दुष्काळात पाणी कुणाचं आधी कापायचं हे कुणी जाहीर बोलत नाही. २०२५ ला धरण भरून वाहिलं, सप्टेंबरात पुरानं सोयाबीन सडलं, म्हणून हा विषय आता कुणाला सुचत नाही.

बिडकीनला आमच्या नातेवाइकांच्या जमिनी एकरी २३ लाखांनी गेल्या. काहींनी पैठण रस्त्याला दुकानं टाकली, काहींनी गाड्या घेतल्या. पैसा संपेल, कारखाना राहील, आणि नदी तेवढीच राहणार.

चाकणकर_पण_परभणीचा

पाण्याबद्दल सहमत. पण एक विचारतो, उसाला किती जातं? गाडीच्या कारखान्याला जेवढं पाणी लागतं त्याच्यावर ओरडायचं आणि उसाकडे डोळेझाक?

गोदाकाठ_पैठण

ऊस काढला का धागा दोनशे प्रतिसादांना जातो. पण होय, खरं आहे. माझ्याही दोन एकरात आहे. दुसऱ्या कुठल्या पिकाला कारखाना बांधावर येऊन तोड करतो, सांगा.

उन्हाळी_भुईमूग

भुईमुगाला कुणी येत नाही. रानडुक्कर येतं.

रसायनी_नांदेड

उशिरा आलो. सगळे गाडीचा धागा वेगळा आणि खताचा वेगळा धरतायत, म्हणून थोडं.

स्वस्त इलेक्ट्रिक गाड्यांत आता कोबाल्ट-निकेल नसलेली बॅटरी येते, एलएफपी. त्यातला 'पी' म्हणजे फॉस्फेट. म्हणजे लुबुंबाशी_रिटर्न यांच्या कोबाल्टला पर्याय निघाला, आणि तो खतवाले भाऊंच्या पोत्यातून निघाला. अशा बॅटऱ्या सगळ्यात जास्त चीन करतो. तिथलं फॉस्फरिक ॲसिड शुद्ध करून बॅटरीला दिलं तर खतापेक्षा जास्त पैसे. एकूण फॉस्फेटचा फार मोठा हिस्सा अजून खतालाच जातो, त्यामुळे तुमचं डीएपी गाड्यांनी खाल्लं असं म्हणायला मी तयार नाही. चीननं निर्यात आवळली ती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या शेतकऱ्याला स्वस्त मिळावं म्हणून. पण दोन गिऱ्हाइकं एकाच गोणीवर आली आहेत, आणि त्यातलं एक जास्त श्रीमंत आहे. केंद्रानं २०२३ ला ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, त्यात लिथियम-कोबाल्टच्या पंगतीला फॉस्फरस आणि पोटॅश पण आहेत. ते उगाच नाही.

आणि आपण नुसते रांगेत उभे नाही. सहकारी खतसंस्था इफ्कोचा जॉर्डनमध्ये फॉस्फरिक ॲसिडचा कारखाना आहे, २०१४ पासून, निम्म्याहून जास्त हिस्सा आपला. ओमानमध्ये गॅसवर चालणारा युरियाचा कारखाना आहे, त्यात इफ्को आणि तशीच दुसरी संस्था कृभको. मोरोक्कोत एका ॲसिड कारखान्यात दोन भारतीय कंपन्यांची भागीदारी. जुलै २०२५ ला सौदीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला. अर्जेंटिनात लिथियमचे पाच ब्लॉक २०२४ ला घेतले. इफ्को ही शेतकऱ्यांच्या सोसायट्यांची संस्था आहे. तेव्हा खतवाले, तुमच्या गावच्या सोसायटीचा सभासद कागदोपत्री जॉर्डनमधला भांडवलदार असू शकतो.

सेलूचा_खतवाला

हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर म्हणंल, "मग माझा हिस्सा पोत्यानं द्या."

जुना_कृषी_सहायक

चर्चा मोरोक्कोला जाऊन आली, आता शेतात या. हरभऱ्याला डीएपीच पाहिजे हा हट्ट कशाला? डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद, वर गंधक फुकट, जे डाळींना आणि सोयाबीनला लागतं. नत्रासाठी सोबत २० किलो युरिया. झालं डीएपी. सुपर फॉस्फेट देशातच बनतं. कच्चा दगड बराचसा बाहेरून येतो, पण उदयपूरजवळ झामरकोटऱ्याला आपलीही खाण आहे. आणि बियाण्याला रायझोबियम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चोळा. जमिनीत अडकून पडलेलं स्फुरद पिकाला मिळतं. आयुष्यभर सांगून घसा बसला.

सेलूचा_खतवाला

साहेब, सांगतो मीही. पण तीन पोती उचलायची, भाडं तिप्पट, मजूर तिप्पट. एका पोत्यात काम होत असताना कास्तकार तीन का नेईल? आणि १३५० ला डीएपी मिळतं ते अनुदानामुळं, खरा भाव दिसतच नाही. बाकी सुपर फॉस्फेट ठेवलंय मी, दाणेदार. आता पाटीवर तुमचा हिशेब खडूनं लिहून ठेवतो.

नकाशावेडा

चिलीला पर्याय जर्मनीतून आला, डीएपीला सेलूतून येतोय.

भट्टीवाला_जालना

गोदाकाठ यांच्या पाण्याच्या मुद्द्याला कुणी उत्तरच दिलं नाही. टोयोटाच्या करारात पाण्याचं काय लिहिलंय, दुष्काळात कपात किती, हे कुणी वाचलंय का?

चाकणकर_पण_परभणीचा

मी शोधलं, बातम्यांत कोटी आणि नोकऱ्याच आहेत. पाण्याचं वाक्य दिसलं नाही.

गोदाकाठ_पैठण

माहितीच्या अधिकारात विचारता येईल की. मी अर्जाचा मसुदा करतो: बिडकीनसाठी मंजूर पाणी किती दलघमी (दशलक्ष घनमीटर), कुठल्या साठ्यातून, आणि टंचाईत कपातीचा क्रम काय. जलसंपदा आणि एमआयडीसी दोन्हीकडे टाकावा लागेल, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतील.

उन्हाळी_भुईमूग

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट माझ्याकडून. दोन्ही अर्जांचं मिळून वीस. ह्या धाग्यावरची पहिली ठोस गुंतवणूक म्हणून नोंद घ्यावी.

गोदाकाठ_पैठण

नोंद घेतली. मसुदा रविवारी टाकतो, नकाशावेडा यांनी शुद्धलेखन बघावं.